भिंत पाहून बार घ्यावा

पेढीवर बसणाऱ्या माणसाचे हात दिवसातून दोनदाच खांद्यांच्या वर जातात. सकाळी दुकानाचे शटर वर सारताना आणि रात्री तेच शटर खाली ओढताना. मधल्या दहा-बारा तासांत खातेवही, संगणक, मोबाइल आणि समोरचे गिऱ्हाईक यांच्याकडे झुकलेली मान व पुढे आलेले खांदे एवढेच शरीराच्या वाट्याला येते. पूर्वी पोती उतरवणे, थप्पी लावणे, वरच्या फळीवरचा माल काढणे ही कामे घरच्या तरुणांनाही चुकत नसत. आता ती हमाल व हातगाडी यांच्याकडे गेली. व्यापाराच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पाठीच्या व दंडाच्या स्नायूंना मात्र त्यामुळे काही कामच उरले नाही.

सकाळचे चालणे पायांना व हृदयाला पुरते. सूर्यनमस्कार आणि जोर छातीला व खांद्यांना पुरतात. परंतु हे सारे ढकलण्याचे व्यायाम आहेत. ओढण्याचा व्यायाम घरात होत नाही, कारण घरात ओढण्यासारखे काही नसते. ही उणीव तालमीतला साधा सिंगल बार भरून काढतो. दोन्ही हातांनी आडवी दांडी धरून स्वतःचे वजन वर उचलणे, एवढाच हा व्यायाम. पाठ, खांदे, दंड, मनगट आणि हाताची पकड यांना एकाच वेळी काम देणारा दुसरा इतका सोपा प्रकार क्वचितच असेल. म्हणूनच अलीकडे अनेक घरांतून पुल-अप बार मागवला जातो.

मागवण्याचा क्रम मात्र बहुधा उलटा असतो. घरातला तरुण मोबाइलवर चित्र पाहतो, त्याखाली लिहिलेली वजनक्षमता वाचतो आणि मागणी नोंदवतो. खोके घरी आल्यानंतर तो लावायचा कुठे, याचा शोध सुरू होतो. व्यापारी घराला हा क्रम खटकायला हवा. मोठी रक्कम उधार देताना मागणाऱ्याचा पेहराव कोणी पाहत नाही; त्याचा जामीनदार कोण, हे पाहिले जाते. बारच्या बाबतीत हा जामीनदार म्हणजे घराची भिंत, दाराची चौकट किंवा स्लॅब. लोखंडी दांडी तुटल्याचे प्रसंग विरळा. निखळतो तो तिचा आधार. आणि तो निखळतो तेव्हा माणूस सात फुटांवरून पाठीवर किंवा डोक्यावर पडतो. म्हणून आधी आधाराची परीक्षा आणि मग बारची खरेदी, हाच योग्य क्रम होय.

भाराचा हिशेब

खोक्यावर छापलेली वजनक्षमता स्थिर वजनाची असते. माणूस झटका देऊन वर जातो, झोके घेतो किंवा धपकन खाली येतो, तेव्हा त्याच वजनाचा भार क्षणभर दुप्पटही होऊ शकतो. म्हणून घरातील सर्वांत जड व्यक्तीच्या वजनाची दुप्पट धरूनच आधार निवडावा.

भिंतीवर बसवायच्या बारमध्ये आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. अशा बारवर लटकणाऱ्याचे वजन ८० किलो आहे, दांडी भिंतीपासून ५० सेंटीमीटर पुढे आहे आणि भिंतीवरच्या पट्टीत वरचे व खालचे बोल्ट एकमेकांपासून २५ सेंटीमीटरवर आहेत, असे समजावे. वरच्या बोल्टांना भिंतीतून उपटू पाहणारा ताण ८० गुणिले ५० भागिले २५, म्हणजे १६० किलो होतो. माणूस नुसता शांतपणे लटकलेला असतानाचा हा आकडा आहे. त्याच बारची पट्टी उंच असून बोल्टांमधील अंतर ४० सेंटीमीटर असेल, तर हाच ताण १०० किलोंवर येतो. दिसायला दोन्ही बार सारखेच. परंतु दुसऱ्याचा आधार कितीतरी अधिक विश्वासाचा. दुकानात बार पाहताना दांडीची चकाकी पाहण्याऐवजी पट्टीची उंची मोजावी, ती यासाठी.

दारातील बार

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विकला जाणारा प्रकार म्हणजे दाराच्या दोन बाजूंमध्ये पिळून घट्ट बसवायचा बार. त्याच्या दोन टोकांना रबरी चकत्या असतात आणि तो केवळ दाबाच्या व घर्षणाच्या जोरावर टिकतो. सागवानी किंवा अन्य भरीव लाकडी चौकट असेल आणि बारसोबत येणाऱ्या लोखंडी वाट्या स्क्रूने चौकटीत घट्ट बसवल्या, तर तो बऱ्यापैकी भरवशाचा ठरतो. परंतु आजच्या अनेक सदनिकांत चौकटी ग्रॅनाइटच्या किंवा संगमरवराच्या असतात. गुळगुळीत दगडावर, त्यातही घाम किंवा पावसाळी दमटपणा असताना, रबर सरकते. ॲल्युमिनियम व यूपीव्हीसीच्या पोकळ चौकटी तर दाबाखाली वाकतात. अशा दारांत हा बार लावूच नये.

दाराची रुंदीही पाहावी. बार जितका लांब ताणून काढावा लागतो, तितका तो मधोमध अधिक लवतो. म्हणून तीन फुटांपेक्षा रुंद दारापेक्षा अडीच-तीन फुटांचे आतले दार बरे. लटकताना हातांनी नकळत दिलेल्या पिळाने दांडी सैल होऊ शकते, यासाठी पीळ अडवणारी खुंटी किंवा कुलूप असलेलाच बार घ्यावा.

उंचीचा प्रश्न वेगळाच आहे. दार साधारण सात फुटांचे असते. वर जाताना हनुवटी दांडीच्या वर आणायची, तर डोक्यासाठी दांडीच्या वर किमान एक फूट मोकळी जागा हवी. अन्यथा डोके चौकटीवर आदळते. म्हणजे दांडी जमिनीपासून सहा फुटांवरच येते आणि गुडघे मुडपूनच व्यायाम करावा लागतो. हे चालण्यासारखे आहे. फक्त खरेदीपूर्वी ठाऊक असावे.

दुसरा दारबार चौकटीच्या वरच्या पट्टीवर मागून अडकतो आणि पुढून भिंतीवर टेकतो. त्याला भोक पाडावे लागत नाही, म्हणून तो भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना आकर्षक वाटतो. परंतु त्याची रचना अमेरिकेतील घरांसाठी झालेली आहे. तेथे दाराभोवती भिंतीच्या बाहेर आलेली जाड लाकडी पट्टी असते आणि बार तिच्यावर टेकतो. महाराष्ट्रातील बहुतेक घरांत चौकट गिलाव्याच्या पातळीत किंवा आत असते. वर टेकायला काठच नसतो. काही घरांत शोभेसाठी खिळ्यांनी ठोकलेली बारीक पट्टी असते. ती भार घेण्यासाठी नव्हे. चौकटीवर बोटभर तरी रुंद, भक्कम काठ आहे की नाही, हे हाताने चाचपून पाहावे. नसेल तर हा प्रकार सोडून द्यावा. आणि मुख्य दार मात्र कोणत्याही प्रकारासाठी वापरू नये. तेथे तोरण असते, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ असते आणि कोणी बाहेरून दार ढकलले तर अपघातास वेळ लागत नाही.

भिंतीवरील बार

कायमची सोय करायची असेल तर भिंतीवरचा बार उत्तम. परंतु भिंत कशाची आहे, हे आधी जाणून घ्यावे. ड्रिलच्या टोकाशी पडणारी भुकटी ते सांगते. प्रथम गिलाव्याची राखाडी, मऊ भुकटी येते. त्यानंतर तांबडी भुकटी आली तर भिंत विटांची. कठीण, राखाडी आणि ड्रिलला अडवणारी असेल तर काँक्रीट. पांढुरकी, हलकी आणि ड्रिल लोण्यात शिरावे तसे आत गेले तर ती हलक्या ब्लॉकची, ज्याला बांधकामावरील लोक सिपोरेक्स म्हणतात.

काँक्रीटच्या बीमवर किंवा कॉलमवर १० ते १२ मिलिमीटरचे लोखंडी अँकर बोल्ट चांगले बसतात. मात्र तेथे भोक पाडण्यापूर्वी इमारतीची माहिती असलेल्या अभियंत्याला विचारावे, कारण आतल्या सळ्यांना धक्का लागता कामा नये. सोसायटीची परवानगीही घ्यावी. नऊ इंची विटांच्या भिंतीत बोल्ट विटेच्या मध्यभागी यावा, सांध्यातील सिमेंटमध्ये नव्हे. तेथे फुगून घट्ट होणाऱ्या अँकरने वीट तडकू शकते, म्हणून रसायनाने चिकटणारा केमिकल अँकर अधिक सुरक्षित. साडेचार इंची भिंत आणि सिपोरेक्सची भिंत यांवर पुढे आलेला बार लावण्याचे टाळावे. पर्यायच नसेल, तर जाणकाराच्या सल्ल्याने बोल्ट आरपार काढून पलीकडच्या बाजूला लोखंडी पट्टी द्यावी. सुतार घड्याळासाठी वापरतो ती प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू येथे निरुपयोगी आहेत, हे निक्षून सांगायला हवे. गिलाव्याची जाडी बोल्टच्या पकडीत धरायची नसते. तेवढा बोल्ट अधिक लांब घ्यावा. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि न्हाणीघराच्या भिंतीत भोक पाडू नये, कारण तेथे वायरी व पाण्याचे नळ गेलेले असतात.

झोपाळ्याच्या कड्या

अनेक घरांत एक भक्कम आधार आधीपासूनच असतो आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. जुन्या वाड्यांत माजघराच्या तुळईला झोपाळ्याच्या कड्या असत. नव्या घरांतही हौसेने स्लॅब ओतण्यापूर्वीच सळ्यांना अडकवून झोपाळ्याचे हूक सोडलेले असतात. ज्या कड्यांनी वर्षानुवर्षे दोन-तीन माणसांसह जड फळी पेलली, त्या एका माणसाला पेलतील, असे मानायला आधार आहे. येथे भार सरळ खाली येतो. भिंतीवरच्या बारसारखा तरफेने वाढणारा ताण नसतो.

या कड्यांना आखूड साखळ्या लावून त्यांवर भक्कम पाइप टांगता येतो. पाइपच्या दोन्ही टोकांना फॅब्रिकेटरकडून कड्या वेल्ड करून घ्याव्यात, म्हणजे साखळी घसरणार नाही. अशा बारची उंची साखळीची कडी बदलून वर-खाली करता येते, हा त्याचा मोठा गुण. सकाळी तरुणासाठी वर, सायंकाळी मुलांसाठी खाली आणि पाहुणे आले की पुन्हा झोपाळा. बार किंचित हलतो, म्हणून त्यावर झटके न देता संथ व्यायाम करावा. मात्र कड्या व हूक झिजलेले वा गंजलेले नाहीत, त्यांच्याभोवती स्लॅबला तडे नाहीत, हे आधी शिडीवर चढून पाहावे. आणि पंख्याचा हूक पंख्यासाठीच राहू द्यावा. पीओपीच्या खोट्या छतात अडकवलेल्या कोणत्याही आकड्यावर विसंबू नये.

तालमींनीही हीच शिस्त पाळली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवजीवन दिले, असे परंपरा मानते. त्यातला टांगता मल्लखांब छताच्या आधाराला साखळीने अडकवलेला असतो. वर नजर टाकून आधार पाहिल्यावाचून त्यावर उडी घेणे हे तालमीच्या शिस्तीत बसणारे नाही.

जमिनीवरचा सांगाडा

जेथे भिंतीला, दाराला आणि छतालाही हात लावता येत नाही, अशा भाड्याच्या घरात जमिनीवर उभा राहणारा लोखंडी सांगाडा हाच मार्ग. त्याला सुमारे चार फूट लांब व साडेतीन फूट रुंद जागा आणि डोक्यावर मोकळी उंची लागते. त्याची किंमत व जागा दोन्ही अधिक. परंतु त्याच सांगाड्यावर डबल बारचेही व्यायाम होतात. पाया जितका रुंद, तितका तो कमी डुलतो. तो गॅलरीच्या कठड्याजवळ मात्र कधीही ठेवू नये. उंचावर लटकलेल्या माणसाला कठड्याचा आधार उरत नाही.

पाइप आणि पकड

बोटे दांडीभोवती पूर्ण वळून अंगठ्याशी भेटावीत, इतकीच जाडी असावी. स्पर्धांतील जिम्नॅस्टिक्सचा आडवा बार २८ मिलिमीटर जाडीचा असतो. हार्डवेअरच्या दुकानातून पाइप घेताना एक गफलत हमखास होते. ‘एक इंची’ जीआय पाइपची बाहेरची जाडी एक इंच नसते, सुमारे ३४ मिलिमीटर असते. ‘पाऊण इंची’ पाइपची सुमारे २७. तीन फुटांपर्यंतच्या अंतरासाठी पाऊण इंची, लाल पट्ट्याचा सी क्लास पाइप पुरतो. झोपाळ्याच्या कड्यांमध्ये चार फूट अंतर असेल तर तो लवतो. तेथे पकड थोडी जाड झाली तरी एक इंची सी क्लासच घ्यावा. फोमचे आवरण घाम शोषून वर्षभरात कुजते व हातात फिरू लागते. त्यापेक्षा उघड्या दांडीला घट्ट गुंडाळलेली सुती पट्टी बरी; मळली की बदलता येते. चामड्याच्या मोज्यांची गरज भासत नाही.

घरातील कोणी, किती

पन्नाशीच्या गृहस्थाला पहिल्याच दिवशी एकही पुल-अप निघत नाही, आणि न निघणे हेच स्वाभाविक आहे. आरंभ पाय जमिनीला टेकवून करावा. दांडी धरायची, गुडघे थोडे वाकवायचे आणि अर्धे वजन हातांवर घेऊन दहा सेकंद थांबायचे. काही आठवड्यांनी पूर्ण लटकणे, त्यानंतर स्टुलावर उभे राहून हनुवटी दांडीच्या वर नेणे आणि तेथून सावकाश खाली येणे. हे सावकाश उतरणेच स्नायूंना वर चढण्याची ताकद देते. तळवे स्वतःकडे ठेवून धरलेली पकड बहुतेकांना सोपी जाते. तिच्यापासून सुरुवात करावी. स्त्रियांनाही हाच क्रम लागू पडतो.

श्वास रोखून जोर लावल्याने रक्तदाब एकदम वाढतो, म्हणून वर जाताना श्वास सोडावा. उच्च रक्तदाब, हर्निया, नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया किंवा खांद्याची जुनी दुखापत असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून लटकू नये. मधुमेहींत खांदा आखडण्याचा विकार अधिक आढळतो. हात वर जाताना दुखत असेल तर बळजबरीने लटकणे म्हणजे दुखण्याला आमंत्रण.

लटकल्याने मुलांची उंची वाढते, हा समज मात्र सोडून द्यावा. दिवसभराच्या भाराने मणक्यांमधील चकत्या दबतात व रात्री विश्रांतीत पुन्हा फुगतात. लटकल्यावर वाटणारा फरकही तसाच तात्पुरता. कायमची उंची हाडांच्या वाढीतून येते. मुलांनी बार करावा तो बळासाठी आणि आनंदासाठी.

वेळेचा विचारही घराच्या रीतीप्रमाणे व्हावा. जेवणानंतर दोन तास तरी बारला हात लावू नये. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरात रात्री दुकान बंद झाल्यावरची वेळ यासाठी सोयीची असते. उपवासाच्या दिवशी, विशेषतः पाणीही वर्ज्य असताना, बारलाही विश्रांती द्यावी.

खात्याची पडताळणी

बार बसवल्यानंतरही पडताळणी संपत नाही. प्रत्येक वेळी आधी दोन्ही हातांनी दांडी खाली ओढून पाहावी, मग पाय टेकलेले असतानाच हळूहळू भार द्यावा आणि शेवटी पाय उचलावेत. महिन्यातून एकदा प्रत्येक बोल्ट पान्याने तपासावा. बोल्टभोवती गिलाव्यात केसाएवढी चीर दिसली तरी बार बंद करावा. कोकणात व मुंबईत पावसाळ्यानंतर गंज पाहावा. खाली जाड सतरंजी किंवा मॅट असावी, आणि काठावरचे टेबल, काचेचे कपाट व खेळणारे लहान मूल दूर असावे. दारातला बार वापर संपताच काढून ठेवावा. अंधारात उठलेल्या आजोबांच्या कपाळाला तो प्रथम भेटतो.

जागा ठरली, भुकटी पाहिली, उंची मोजली आणि वजनाची दुप्पट धरली, की मग बार कोणत्या दुकानातून घ्यावा हा प्रश्न फार लहान उरतो. आणि सारे पाहून झाल्यावर घरात एकही आधार भरवशाचा नाही असे ठरले, तर बार न घेणे हाही एक हिशेबी निर्णय आहे. जवळच्या बागेत किंवा व्यायामशाळेत जमिनीत पुरलेला सिंगल बार बहुधा असतोच. चालायला जाणाऱ्याने वाटेत त्याला दोन मिनिटे दिली, तरी ओढण्याच्या व्यायामाची उणीव भरून निघते.